दहाचा बोल्ट

गेल्या श्रावणात माझ्या गाडीखाली एक बोल्ट तुटला. बोल्ट लहानसाच, करंगळीच्या दोन पेरांहूनही आखूड. पण तो तुटला म्हणून एकोणीस वर्षांच्या एका मुलाचा पगार कापला जाणार होता, आणि ते बरोबर आहे की नाही हे तपासायला त्या गॅरेजात कुणाला सवड नव्हती. ती सवड मी काढली. त्यातून हा लेख निघाला.

आधीच सांगतो, मी इंजिनिअर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, पतसंस्थेत हिशेब तपासण्यात उमेद गेली. यंत्रांचा नाद मात्र शाळेपासूनचा. जुन्या बाजारातून यंत्रांच्या पुस्तिका विकत आणायच्या, रविवारी काहीतरी खोलून बसायचे आणि खोललेले परत बसले नाही की उद्यमनगरात जाऊन कुणा मिस्त्रींच्या पाया पडायचे, असे माझे शिक्षण झाले. हिशेबतपासणीत एक सवय मात्र अंगी मुरली. तूट ज्या दिवशी उघडकीला येते त्याच दिवशी ती पडलेली असते, असे कधीच गृहीत धरायचे नाही. या बोल्टच्या बाबतीत तीच सवय कामी आली, आणि तीच शेवटी माझ्या अंगाशीही आली.

काय घडले

गाडी ऑटोमॅटिक गिअरची, नऊ वर्षे जुनी. गिअरबॉक्सचे तेल आणि फिल्टर बदलायचा म्हणून ती कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजात दिली होती. हाताने गिअर टाकायच्या गाडीत गिअरबॉक्सच्या तळाला आटे पाडलेले एक बूच असते. ते काढले की तेल वाहून जाते. ऑटोमॅटिकमध्ये पुष्कळदा तेवढ्याने भागत नाही. तिथे गिअरबॉक्सच्या तळाशी पत्र्याची एक उथळ परात लावलेली असते. लाल रंगाचे तेल तिच्यात साठते आणि फिल्टर तिच्या आत, वरच्या बाजूला बसवलेला असतो. परात उतरवल्याशिवाय फिल्टर हाती लागत नाही. आमच्याकडे या परातीला चेंबर म्हणतात. इंजिनाच्या तळाचाही चेंबर आणि गिअरबॉक्सच्या तळाचाही चेंबरच.

चेंबरच्या काठाने ओळीने लहान बोल्ट असतात आणि पत्रा व वरचे ॲल्युमिनियमचे केसिंग यांच्यामध्ये पॅकिंग असते. माझ्या गाडीला असे अठरा बोल्ट होते. सतरा सुटले. अठराव्याचे डोके पोराच्या गोटी-पान्यात आले आणि बाकीचा बोल्ट केसिंगमध्येच राहिला.

“उलटा फिरवला असणार ह्यानं,” मालक म्हणाले. गाडीखाली उताणे पडले की सोडायची बाजू कुठली आणि आवळायची कुठली, याचा नवख्याचा गोंधळ होतो, हे खरे आहे.

“न्हाई ओ मालक, सोडतानाच गेला. जोर बी लावला न्हवता.”

“जोर न लावता लोखंड तुटतंय व्हय? केसिंगचा आटा गेला तर केवढ्याला पडतंय ठावं हाय का? तुझ्या पगारातनंच जाणार ते.”

पोरगा गप्प झाला. मालकांचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. जोर न लावता लोखंड तुटते का?

दहाचा म्हणजे सहाचा

गॅरेजात या बोल्टला दहाचा बोल्ट म्हणतात, कारण त्याला दहाचा पाना लागतो. हे दहा मिलिमीटर म्हणजे त्याच्या षट्कोनी डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधले अंतर. प्रत्यक्ष आटे असलेला दांडा फक्त सहा मिलिमीटरचा असतो. कागदोपत्री त्याचे नाव एम-६, आणि त्याच्या दोन आट्यांमधले अंतर एक मिलिमीटर. माणसाचे दुकानाच्या पाटीवरचे नाव एक आणि घरातले दुसरे, तसे हे आहे. एरवी याने काही बिघडत नाही. पण “दहाचा” म्हणता म्हणता हाताला तो आहे त्यापेक्षा जाड वाटू लागतो.

जगात कुठेही घेतलेला एम-६ बोल्ट कुठल्याही एम-६ भोकात बसतो, हे आपल्याला इतके सवयीचे झाले आहे की त्यात काही विशेष वाटत नाही. दोनशे वर्षांपूर्वी असे नव्हते. प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. १८४१मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे सर्वांनी एकसारखे आटे वापरावेत अशी योजना मांडली. त्यांनी इंग्लंडभरच्या कारखान्यांतले बोल्ट जमवले, मापे घेतली आणि सरासरी काढली. आट्याचा कोन ५५ अंश ठेवला. १८६४मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा, करायला आणि तपासायला सोपा असा आटा सुचवला. आज आपण वापरतो त्या मेट्रिक आट्याचा कोनही ६० अंशच आहे.

एकमत नसल्याची किंमतही मोजावी लागली. फेब्रुवारी १९०४मध्ये बाल्टिमोर शहराला मोठी आग लागली तेव्हा इतर शहरांतून बंब धावून आले, पण अनेकांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या पाण्याच्या तोट्यांना बसेनात. पंधराशेहून अधिक इमारती जळाल्या.

आपल्याकडे ब्रिटिश यंत्रांबरोबर व्हिटवर्थचे आटे आले आणि १९५६च्या कायद्यानंतर हळूहळू मेट्रिक रुळले. जुने माप तोंडातून मात्र गेले नाही. सळई घ्यायला गेलात तर दुकानदार आजही “तीन सुती की चार सुती?” विचारतो. आठ सूत म्हणजे एक इंच. आट्यालाही आपल्याकडे जुना शब्द आहे, मळसूत्र. दुसरा शब्द फारसीतून आलेला, पेच. पेच म्हणजे पीळ, वळण. पतंगाचा पेच, कुस्तीतला पेच आणि कुणावर येणारा पेचप्रसंग, सगळे एकाच पिळातले.

घाटाचा रस्ता आणि ताणलेली स्प्रिंग

आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला चढ. डोंगर सरळ चढवत नाही म्हणून रस्ता त्याच्या अंगाने वळणे घेत नेतात. अंतर वाढते, पण बैलगाडीसुद्धा चढते. एम-६च्या आट्यावर एक फेरा पूर्ण करायला सुमारे १७ मिलिमीटर चालावे लागते आणि तेवढ्यात चढण होते फक्त एक मिलिमीटर. चढ साडेतीन अंशांहूनही कमी. तो इतका सौम्य असल्यामुळेच धातूवर धातूच्या घर्षणाने बोल्ट जागच्या जागी थांबतो, आपोआप मागे घसरत नाही.

बोल्ट दोन वस्तूंना खिळ्यासारखे धरून ठेवतो, असे मीही पुष्कळ वर्षे समजत होतो. तसे नाही. बोल्ट ही एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. डोके पत्र्यावर टेकल्यानंतर आपण पाना फिरवतो तेव्हा दांडा ताणला जातो आणि ताणलेला दांडा आखडू पाहतो म्हणून पत्रा दाबला जातो. हा ताण म्हणजेच बोल्टचे काम. लांबीत पडणारा फरक मिलिमीटरच्या शतांशांत मोजण्याइतका असतो. डोळ्याला तो दिसत नाही, हाताला कळत नाही.

मग आवळताना मोजायचे काय? आपण मोजतो पाना फिरवायला लागलेला पीळ, न्यूटन-मीटरमध्ये. दहा सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला एक किलो वजन टांगले की साधारण एक न्यूटन-मीटर पीळ पडतो. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत चेंबरच्या बोल्टसाठी दहा न्यूटन-मीटर दिले आहेत. म्हणजे वीस सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला पाच किलो साखरेची पिशवी अडकवली तर जेवढा जोर पडेल तेवढाच. एवढ्या पिळाने एम-६ बोल्टमध्ये, आटे कोरडे असतील तर, सुमारे साडेआठशे किलोचा ताण येतो. साखरेच्या पिशवीतून साडेआठशे किलो, ही त्या घाटाच्या रस्त्याची करामत.

पण या मोजणीत एक मोठी गोम आहे. आपण लावलेल्या पिळाचा जवळजवळ निम्मा भाग बोल्टचे डोके पत्र्यावर घासण्यात जातो आणि सुमारे चाळीस टक्के आटे आट्यांवर घासण्यात. दांडा ताणायला उरतो जेमतेम दहा टक्के. शंभर रुपयांतले नव्वद वाटखर्चात जावेत आणि दहाचाच माल यावा, तशातला प्रकार. वाटखर्च जरा कमी झाला की माल एकदम वाढतो. आट्यांना तेल लागलेले असेल तर त्याच दहा न्यूटन-मीटरला साडेआठशेऐवजी अकराशे किलोंपेक्षा जास्त ताण येऊ शकतो.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ असे कोरलेले असते. ते आकडे म्हणजे त्याची कुंडली. पहिल्या आठाला शंभराने गुणले की दर चौरस मिलिमीटरला तुटेपर्यंत सोसायचा ताण न्यूटनमध्ये मिळतो, आठशे. त्याचा ०.८ पट, म्हणजे सहाशे चाळीस, इथपर्यंत ताणलेला बोल्ट सोडल्यावर परत आखडतो. त्यापुढे गेला की आखडत नाही, कायमचा लांबतो. एम-६च्या दांड्याचे ताण सोसणारे क्षेत्रफळ फक्त २० चौरस मिलिमीटर. हिशेब केला तर निर्धास्तपणे पेलायची त्याची मर्यादा बाराशे किलोंच्या जरा अलीकडे येते. म्हणजे तेल लागलेल्या आट्यांवर दहा न्यूटन-मीटर लावले तरी आपण कड्याच्या टोकाशी जाऊन उभे राहतो. पंधरा-वीस लावले की पाय सुटतो. अर्ध्या इंची रॅचेटचा दांडा पंचवीस सेंटिमीटरचा असतो. त्यावर दहा किलोचा जोर, जो माणसाला जोर वाटतसुद्धा नाही, पंचवीस न्यूटन-मीटर भरतो.

तुटलेला तुकडा काढणे

मालकांनी शेजारच्या लेथवरच्या मिस्त्रींना बोलावले. सत्तरीला टेकलेले गृहस्थ, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. गाडीखाली बॅटरी धरून त्यांनी बराच वेळ नुसते पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला तो पोराला. “सोडताना करकरला का नुसता गेला?”

“नुसता गेला. बिस्किटागत.”

मिस्त्रींनी मान डोलावली. बोल्ट तुटायचे दोन प्रकार आहेत आणि उपाय त्यावरून ठरतो, हे त्यांनी मला मागाहून सांगितले. कधी आटेच धरलेले असतात. पोलादाचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचे केसिंग असले आणि मध्ये पावसाचे पाणी शिरले, की ॲल्युमिनियम गंजून त्याची पांढरी पूड आट्यांत घट्ट बसते. अशा वेळी दांडा पिळून तुटतो आणि आतला तुकडा तसाच जखडलेला राहतो. पण आटे मोकळे असताना दांडाच कमकुवत होऊन तुटला असेल, तर आतल्या तुकड्याला कुणीच धरलेले नसते. डोके गेले की ताण गेला, ताण गेला की घर्षण गेले. असा तुकडा कधीकधी टोकदार सुईने ढकलूनही फिरतो.

तुकड्याचे टोक केसिंगच्या बाहेर आलेले असते तर चिमट्याने धरता आले असते, किंवा त्यावर नट ठेवून वेल्डिंग करता आले असते. वेल्डिंगची एक गंमत आहे. त्याच्या उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते आणि भोक सैल होते. पण इथे तुकडा पृष्ठभागाच्या जरा आत होता, आणि तेलाने माखलेल्या गिअरबॉक्सखाली ठिणगी नको, असे मिस्त्रींचे मत पडले.

त्यांनी तुकड्यावर रॉकेलचे चार थेंब सोडले आणि चहा प्यायला बसले. “हे काम हाताचं न्हाई, दमाचं हाय,” एवढेच बोलले. अर्ध्या तासाने त्यांनी तुकड्याच्या बरोबर मध्यावर पंच मारला. सगळे कौशल्य या एका ठोक्यात असते. मध्य अर्ध्या मिलिमीटरने जरी चुकला तरी ड्रिल पुढे नरम ॲल्युमिनियमकडे घसरते आणि केसिंगचे आटे खाते. मग वर फिल्टरच्या जागी स्वच्छ फडके दाबले, ड्रिलला ग्रीस फासले म्हणजे कीस त्याला चिकटून राहील, आणि तीन मिलिमीटरचे डावे ड्रिल लावले.

डावे ड्रिल म्हणजे उलट्या पिळाचे, उलट्या दिशेने फिरवायचे. साधे ड्रिल तुकड्याला आणखी आत आवळते. डावे ड्रिल भोक पाडता पाडता त्याला सोडायच्या दिशेनेच रेटते. आमच्याकडे सरसकट वापरतात ते हत्यार दुसरे, पाडलेल्या भोकात ठोकून उलटे फिरवायचा निमुळता पिळाचा खिळा, इझी-आऊट. नावात सोपेपणा आहे, कामात नाही. हा खिळा फार कडक पोलादाचा, म्हणून ठिसूळ असतो. जो बोल्ट सहा मिलिमीटरचा असताना पिळाला टिकला नाही, त्याच्या पोटातला तीन मिलिमीटरचा खिळा जखडलेल्या आट्यांपुढे कुठून टिकणार? तो आत तुटला की त्यावर साधे ड्रिलही चालत नाही. मिस्त्रींनी तो पेटीतून बाहेरच काढला नाही.

ड्रिल चार-पाच मिलिमीटर आत गेले असेल नसेल, तुकडा फिरू लागला आणि ड्रिलबरोबर अलगद खाली आला.

साक्ष

तुकडा आणि डोके मी मागून घेतले. पेट्रोलने धुतले, भिंगाखाली धरले. शिवाय सुटलेले सतरा बोल्टही एका कागदावर त्यांच्या त्यांच्या जागेच्या क्रमाने मांडले. हिशेबतपासनिसाला व्हाउचर लागतात. इथे तीन सापडली.

पहिले व्हाउचर आट्यांचे. तुकडा इतक्या सहज निघाला, म्हणजे आटे धरलेले नव्हते. नीट बसलेला, आटे मोकळे असलेला बोल्ट सोडायला आवळण्यापेक्षा कमीच पीळ लागतो. त्यात तो तुटायचे कारण नाही. तुटला, तर दांडा आधीच अधू होता. पण यावर मालकांचे म्हणणे शिल्लक राहतेच, की पोराने उलटा, म्हणजे आवळायच्या दिशेने फिरवला असेल.

दुसरे व्हाउचर तुटलेल्या तोंडाचे. नुकत्याच तुटलेल्या पोलादाचे तोंड करड्या, चमकत्या दाण्यांचे असते. या तोंडाचा अर्ध्याहून मोठा भाग, चंद्रकोरीच्या आकाराचा, काळपट होता आणि धुऊनही तेलकट राहिला होता. उरलेला भाग ताजा, लखलखीत. काळ्या भागात तेल शिरायला तिथे आधीपासून फट असावी लागते. म्हणजे त्या दिवशी गॅरेजात फक्त चमकता भाग तुटला. काळा भाग त्याच्या कितीतरी आधी तुटून बसला होता. फटीची जागाही बोलकी होती. बोल्ट केसिंगमध्ये शिरतो तिथला पहिला आटा. एकूण ताणाचा सुमारे तिसरा हिस्सा त्या एकट्या आट्यावर येतो.

धातूत अशी फट हळूहळू सरकते, हे माणसाला फार किंमत देऊन कळले. ८ मे १८४२ला व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस वाटेत तुटला आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. रोज तोच भार वाहणारा आस एक दिवस त्याच भाराखाली का तुटावा, याचा उलगडा होत नव्हता. पुढे जर्मन रेल्वेतले अभियंते ऑगस्ट व्योलर यांनी वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवले की एका दमात तोडायला लागेल त्याहून पुष्कळ कमी भारही पुन्हा पुन्हा येत राहिला तर धातू तोडतो. गाडीच्या चेंबरचा बोल्ट रोज इंजिनाचे हादरे खातो, रोज तापतो आणि निवतो. एकदा फट पडली की तिला वाढायला एवढे पुरते.

तिसरे व्हाउचर शेजाऱ्यांचे. तुटलेल्या बोल्टच्या दोन्ही बाजूंचे बोल्ट मी एका नव्या बोल्टला आडवे टेकवून, आट्यात आटा बसवून उजेडाकडे धरले. सरळ बोल्ट असा टेकवला की मधून प्रकाश येत नाही. या दोन्हींत पाचव्या-सहाव्या आट्यापासून उजेडाची रेघ दिसू लागली. आटे एकमेकांपासून लांब गेले होते, दांडा मधे बारीक झाला होता. दोन्ही कायमचे ताणले गेले होते. बाकीचे पंधरा नव्यासारखे. चेंबरच्या त्याच कोपऱ्यात पत्र्याचा काठही भोकांपाशी बशीसारखा वर दबलेला होता.

आता उलटा फिरवल्याचा आरोप टिकत नाही. पोराने चुकून एक बोल्ट आवळला असता, तर सुरळीत सुटलेले दोन शेजारी ताणलेले निघाले नसते. त्या कोपऱ्यातले तीन बोल्ट कुणीतरी पूर्वी, एकाच बैठकीत, मर्यादेबाहेर आवळले होते.

मालकांना मी तिन्ही गोष्टी दाखवल्या. त्यांनी बोल्ट उजेडाकडे धरून बघितले आणि म्हणाले, “मग आधी कुणी हात लावला हुता ह्याला?”

आधीचा हात

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझ्या अंगणातल्या फरशीवर गाडीखाली लाल तेलाचा डाग दिसू लागला होता. चेंबरच्या एका कोपऱ्यातून तेल पाझरत होते. एका रविवारी मी जॅक लावला, खाली ठोकळे ठेवले, अर्ध्या इंची रॅचेट घेतले आणि त्या कोपऱ्यातले तीन बोल्ट आवळले. माझ्याकडे टॉर्क पाना नव्हता. हाताचा अंदाज होता, आणि त्याचा मला अभिमान होता.

तेव्हाची एक गोष्ट मला चांगली आठवते. मधला बोल्ट आवळताना शेवटच्या पाव फेऱ्यात हाताला जरा मऊ लागला. मला वाटले, पॅकिंग दबले, बोल्ट बसला. आज कळते की तो बसला नव्हता, ताणून लांबला होता. आवळताना वाढत जाणारा विरोध एकाएकी थांबला, तर बोल्ट मर्यादा ओलांडतो आहे असे समजायचे, हे मी नंतर वाचले.

दुसरी चूक त्याहून मोठी. गळती थांबवायला मी जोर लावला. चेंबरला जोर नको असतो. त्यातले तेल दोन-चार लिटर, पत्र्याचे वजन दोन-तीन किलो, आणि धरायला अठरा बोल्ट. हवा असतो तो सगळीकडून सारखा दाब. एकाच कोपऱ्यात जास्त आवळले की पत्रा बोल्टपाशी वर दबतो आणि दोन बोल्टांच्या मधे फुगतो. मग पॅकिंग तिथे सैल पडते आणि पुन्हा गळते. गळते म्हणून पुन्हा आवळायचे. माझी गळतीही दोन महिन्यांनी परत आली होती. तेव्हा मी पॅकिंगला दोष दिला.

म्हणून मालकांच्या प्रश्नाला मी उत्तर दिले, “मीच.”

ते थोडे हसले, आणि पोराकडे न बघता म्हणाले, “मग बिल तुमच्या नावावर.” पगाराचा विषय तिथेच संपला. पोराची माफी कुणी मागितली नाही. मालकांनी नाही. मी त्याला “माझ्यामुळं झालं रे” म्हणालो, त्यावर तो “असू दे काका” म्हणाला आणि चेंबर धुवायला बसला. ती माफी होती की नाही, मला अजून सांगता येत नाही.

पुढचे काम दीड तासाचे. तुकड्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकाकी लागली होती. माझ्या त्या ओढण्याने केसिंगचे आटेही दुखावले होते. मिस्त्रींनी भोक ६.३ मिलिमीटरचे केले, त्यात खास टॅप मारला आणि हेलिकॉइल बसवले. ही गंजत नसलेल्या पोलादी तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी. बाहेरून केसिंगच्या नव्या आट्यांत बसते आणि आतून पुन्हा तोच सहाचा आटा देते. नरम ॲल्युमिनियममध्ये हा आटा मूळच्यापेक्षा टिकाऊ ठरतो. पोराने चेंबरचा दबलेला काठ लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीने सपाट केला, जुन्या पॅकिंगचा चिकटा खरवडला. मी तीन नवे बोल्ट आणले. ताणले गेलेले बोल्ट दिसायला कितीही चांगले असले तरी परत लावायचे नाहीत, हे मी त्याला सांगायला गेलो, तर त्याने ते आधीच भंगारच्या डब्यात टाकले होते.

चेंबर चढवायच्या वेळी मिस्त्रींनी आपला टॉर्क पाना दिला. आधी सगळे बोल्ट हाताने लावायचे, मग मधून कडेकडे, आळीपाळीने समोरासमोरचे, दोन फेऱ्यांत आवळायचे. पोरगा गाडीखाली गेला. मी पुस्तिका घेऊन बाहेर उकिडवा बसलो.

“काका, आट्याला तेल लावू?” त्याने आतून विचारले.

“नको. पुस्तिकेत कोरडे म्हटलंय.”

“आन् आकडा किती?”

“दहा. पहिल्या फेरीला पाच.”

पान्याचा टक् असा आवाज आला. मग थोडा थांबून दुसरा. मी मोजत होतो. अठरा झाले, पुन्हा अठरा झाले, आणि तो बाहेर आला.